पहिली लाट, राजोडीच्या वाळूवर

बोरिवलीत राहता? की अंधेरी, मुलुंड, घाटकोपरला? मग सर्फिंगसाठी विमानाचं तिकीट काढायला नको, विरार लोकल पुरते. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला राजोडीचा किनारा आहे, सपाट आणि वाळूचा, आणि तिथे मुंबई सर्फ क्लबमध्ये नवख्यांना बोर्डवर उभं राहायला शिकवतात. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या पाचांपैकी एकही गाळू नका. सकाळ छान जाणार की वाया जाणार, ते तिथेच ठरतं.

घरी, आधीचे पंधरा दिवस

१. पोहणं तपासा. अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल, मुलुंडचं प्रियदर्शिनी, नाहीतर घराजवळचा कुठलाही तलाव गाठा. न थांबता ५० मीटर पोहा आणि मग पाच मिनिटं पाठीवर नुसते तरंगा. दोन्हींपैकी एक जरी जमलं नाही, तरी इथेच थांबा, महिनाभर तलावावर जा आणि मगच पायरी २ वाचा. सावधान: पाय टेकतो तेवढ्याच पाण्यात पोहता येत असेल, तर ते धरायचं नाही.

२. महिना निवडा. ऑक्टोबरअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत कधीही चालेल. जून ते सप्टेंबर मात्र अजिबात नाही. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि परंपरेने नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच कोळी बांधव होड्या पाण्यात ढकलतात. जन्म समुद्रावर गेलेला माणूस होडी वर ओढून ठेवतो, तेव्हा आपणही घरीच बसायचं.

३. भिंतीवरचं कालनिर्णय उघडा आणि तिथी बघा. आपल्याकडचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीचे दहा, पाऊणपट साडेसात. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांना हिशेब तोच आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही भरत्यांना लागू. तुम्हाला हव्यात दशमी, एकादशी, द्वादशी, कारण तेव्हा सकाळच्या उन्हाआधीच पाणी चढत असतं. यातली एखादी रविवारी आली की तारखेला गोल करा. सावधान: पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस सोडा. तेव्हा उधाण असतं, पाणी फार वेगाने चढतं आणि तितक्याच वेगाने उतरतं.

४. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पडताळा. पाऊणपटीचा हिशेब अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त, मागेपुढे होतो. दिवस ठरवायला तो उत्तम, पण घड्याळ लावायला तक्ताच हवा. तक्त्यातल्या भरतीच्या दोन तास आधी पाण्यात पाय आणि भरती पूर्ण झाली की पाय बाहेर, एवढं कागदावर लिहून ठेवा. भरती नऊला असेल, तर सात ते नऊ ही तुमची वेळ.

५. शिकवणारा आणि बोर्ड, दोन्ही आधी फोन करून ठरवा. नवखे आहात हे स्पष्ट सांगा आणि मऊ फोमचा, आठ-नऊ फुटी बोर्ड मागा. लांब बोर्ड स्थिर असतो आणि डोक्याला लागलाच, तर मऊ बोर्ड कमी लागतो. सावधान: कुणाचा तरी बोर्ड उसना आणून एकट्याने दुसरीकडे जाऊ नका. आक्साला पाण्याची ओढ आणि वाळूतले खड्डे फसवतात. बँडस्टँडला काळ्या कातळावर फुटणारी लाट फार देखणी दिसते, पण एकदा ओहोटीला तिथे जाऊन तोच कातळ जवळून बघा. कालवांची कवचं ब्लेडसारखी उभी चिकटलेली असतात. भरतीला ती सगळी हातभर पाण्याखाली जातात आणि वरून काहीच कळत नाही. जगभर कातळावरच्या लाटांवर सर्फिंग चालतं, पण ते वर्षानुवर्षं वाळूवर पडून झालेल्यांचं काम. तुम्हाला खाली वाळू हवी.

६. पुढचा पाय ठरवा. सरळ उभे राहा, डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी मागून हलकेच ढकलायला सांगा. जो पाय आपोआप पुढे पडला, तो बोर्डवरही पुढे राहील. सावधान: केव्हा ढकलणार हे आधी विचारू नका, नाहीतर तुम्ही विचार करून पाय टाकाल.

७. जमिनीवर उठण्याचा सराव करा. चटई घाला आणि पालथे झोपा. तळहात छातीच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांशी टेका. हात सरळ करत छाती उचला आणि एका दमात पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणा. मागचा पाय आपोआप आडवा टेकतो. गुडघे वाकलेले आणि नजर समोरच्या भिंतीवर हवी. रोज वीस वेळा करा. सावधान: आधी गुडघा टेकवून मग उठायची सवय लागू देऊ नका. चटईवर चालून जातं, पण पाण्यात गुडघ्यावर गेलात की बोर्ड डोलतो आणि तुम्ही तिथेच अडकता. खालच्या मजल्यावरचे तक्रार करायला आले, तर गच्चीवर जा.

८. पिशवी भरा. अंगाला घट्ट बसणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, घट्ट चड्डी, टॉवेल, कोरडे कपडे, दोन लिटर पाणी, सनस्क्रीन. अंगठी, साखळी, घड्याळ घरीच ठेवा. सैल टी-शर्ट नको: पाण्यात फुगतो आणि बोर्डला घासून पोटाची कातडी सोलवटते.

त्या दिवशी पहाटे

९. एक केळं खा, बस. वडापाव परतताना. भरल्या पोटावर पालथं झोपून हात मारायचे आहेत, हे लक्षात ठेवा.

१०. विरार लोकल धरा. रविवारी पहाटे विरारकडे जाणाऱ्या गाडीत बोरिवलीकरांना बसायलाही मिळतं. घाटकोपरकरांनी मेट्रोने अंधेरीला येऊन गाडी बदलावी. मुलुंडकरांनी तिघा-चौघांनी मिळून घोडबंदर रस्त्याने गाडी काढलेली बरी. नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरा आणि राजोडीची रिक्षा करा. सावधान: परतीचं रिक्षावाल्याशी आत्ताच ठरवा.

किनाऱ्यावर

११. दहा मिनिटं नुसतं बघा. हात शिवशिवतील, तरी बोर्डला हात लावू नका. लाटा कुठे फुटतात ते बघा. दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा पट्टा शांत, गुळगुळीत दिसतो आणि त्यातून गढूळ पाणी समुद्राकडे जात असतं. नवख्याला वाटतं, इथे लाट नाही, इथूनच आत जाऊ. तीच ओढ. तिच्यापासून चांगलं लांब उतरा. लाट कमरेच्या वर दिसली, तर आज फक्त बघायचं.

१२. किनाऱ्यावरची एक खूण पक्की करा. एखादं वाकडं सुरूचं झाड, एखादं रंगीत छप्पर. पाणी तुम्हाला नकळत आडवं सरकवत नेतं, म्हणून दर पाच मिनिटांनी मागे वळून खूण बघायची. ती समोरून सरकली, तर बाहेर या, चालत मागे जा आणि पुन्हा उतरा.

१३. बोर्डची दोरी मागच्या पायाच्या घोट्याला बांधा. पट्टा घट्ट हवा आणि दोरी बाहेरच्या बाजूला, म्हणजे पायात येणार नाही. दोरीला कुठे चीर नाही ना, ते बोटांनी चाचपून बघा.

१४. ओल्या वाळूवर बोर्ड ठेवा आणि पायरी ७ पाच वेळा करा. बोर्डखालचे पर (फिन) वाळूत रुतून मोडू शकतात, म्हणून आधी तिथे वाळूत खळगा करा.

पाण्यात

१५. पाय घासत चला. पाऊल उचलून टाकू नका, वाळूवरून सरकवा. वाळूत पाकट दडलेलं असलं, तर ते चाहूल लागून निघून जातं. वरून पाय पडला, तर काटा मारतं.

१६. बोर्ड नेहमी तुमच्या बाजूला ठेवा. लाट आणि तुमच्यामध्ये बोर्ड आडवा आला, तर लाट तो सरळ तुमच्या तोंडावर फेकते. नवख्यांचे ओठ बहुतेक इथेच फुटतात.

१७. कमरेइतक्या पाण्यात थांबा. त्याहून पुढे आज जायचं नाही.

१८. आता मुद्दाम पडा. ही पायरी सगळे गाळतात आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बोर्डच्या बाजूला, पाठीवर, चटईसारखे पसरट पडा. सूर मारू नका, पाय ताठ रोवू नका. पाण्याखाली गेलात की दोन्ही हात डोक्याभोवती गुंडाळा आणि वर येताना एक हात आधी बाहेर काढा, म्हणजे डोक्यावर बोर्ड असलाच, तर तो हाताला लागेल. पाच वेळा पडा. पाचव्यांदा तुम्हाला हसू येईल आणि निम्मी भीती तिथेच जाईल.

१९. बोर्डचं नाक किनाऱ्याकडे वळवा आणि त्यावर पालथे व्हा. पायाची बोटं शेपटाला टेकलेली, अंग मधोमध आणि नाक पाण्याच्या चार बोटं वर. नाक बुडत असेल, तर थोडे मागे सरका. ते आभाळाकडे गेलं असेल, तर पुढे सरका.

२०. पहिल्या चार लाटा झोपूनच घ्या. शिकवणारा बोर्ड ढकलेल. तुम्ही फक्त छाती उचलून किनारा बघा. पहिल्यांदा लाट खालून उचलते, तेव्हा मागून पांढऱ्या फेसाचा आवाज कानाशी येतो आणि बोर्ड एकदम हलका होतो. तो हलकेपणा नीट ओळखून ठेवा. पुढे उठायची वेळ हीच.

२१. आता स्वतः हात मारा. लाट तीन-चार हातांवर आली की खोल, लांब, एकाआड एक हात ओढा. लाटेने उचललं तरी आणखी दोन हात मारा. बहुतेक जण एक हात आधी थांबतात आणि लाट त्यांना सोडून निघून जाते.

२२. हलकेपणा जाणवताच उठा. चटईवर केलं तसंच: तळहात बरगड्यांशी, छाती वर, पुढचा पाय मध्ये. बोर्डच्या कडा धरू नका, धरल्या की बोर्ड उलटतो.

२३. गुडघे वाकवा आणि नजर तुमच्या खुणेवर ठेवा. पायांकडे बघितलंत की पडलातच. बघाल तिकडे बोर्ड जातो.

२४. पाणी गुडघ्याइतकं उरायच्या आत, पायरी १८ प्रमाणे बाजूला उतरा. किनाऱ्यापर्यंत ऐटीत जायचा मोह आवरा, उथळ पाण्यात घोटा मुरगळतो.

२५. परत आत जाताना दुसऱ्याची लाट सोडा. कुणी लाटेवर असेल, तर ती त्याची. तुम्ही बाजूने वळसा घालून जा.

२६. ओढीत सापडलात, तर बोर्ड सोडू नका. त्यावर पालथे व्हा, एक हात वर करून हाक मारा आणि किनाऱ्याला समांतर, आडवे हात मारा. ओढ सुटली, मगच किनाऱ्याकडे वळा. सरळ किनाऱ्याकडे झगडलात, तर चांगला पोहणाराही दमतो.

२७. जेलीफिश डसली, तर लगेच बाहेर या. चिकटलेले धागे चिमट्याने काढा, उघड्या हाताने नाही. जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. वाळूने चोळू नका, पिण्याचं पाणीही ओतू नका. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ती जागा बुडवून ठेवा. दम लागला किंवा चक्कर आली, तर थेट डॉक्टर.

२८. भरती पूर्ण झाली की बाहेर या. शेवटची एक लाट म्हणत थांबू नका. खांदे दमलेले असतात आणि आता पाणी उतरायला लागणार असतं.

बाहेर आल्यावर

२९. बोर्ड आणि दोरी गोड्या पाण्याने धुवा, मग स्वतः धुवा. कानातलं पाणी मान तिरकी करून काढा, काडी घालू नका.

३०. आता वडापाव.

३१. घरी पोचल्यावर, खांदे दुखायला लागायच्या आत, कालनिर्णयावर पुढची एकादशी शोधा. रविवार असेल, तर गोल करा. नसेल, तर आदल्या-पुढच्या दिवशीची दशमी-द्वादशी बघा.