पंक्तीची सेवा आणि वचनाची सेवा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, याकोब २:१४-१७, लूक १७:११-१९

आपल्या मंडळ्यांमध्ये एक जुना वाद अधूनमधून डोके वर काढतो. पंचकमिटीच्या सभेत कोणीतरी सुचवतो की, वस्तीतल्या स्त्रियांसाठी शिवणवर्ग काढावा, किंवा दुष्काळी गावात धान्य न्यावे. लगेच दुसरा बंधू म्हणतो, “हे काम समाजसेवी संस्थांचे आहे. मंडळीचे काम सुवार्ता सांगण्याचे.” तिसरा मधला मार्ग काढतो, “आधी मदत करू, म्हणजे लोकांची मने मोकळी होतील, मग वचन सांगता येईल.” हा मधला मार्ग ऐकायला समंजस वाटतो. परंतु मंडळीच्या बाहेरचा माणूस नेमके हेच वाक्य ऐकतो आणि विचारतो, “म्हणजे तुमची मदत हे आमिषच की!”

ह्या प्रश्नाला आपल्यापाशी काय उत्तर आहे? आधी शास्त्रवचनाकडे पाहू या, आणि मग आपल्याच महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेल्या एका साक्षीकडे.

१. दोन कामे, शब्द एकच

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीपुढे उभा राहिलेला प्रश्न शिकवणीचा नव्हता, तो अन्नाचा होता. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जात होते. प्रेषितांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावून सात जणांची निवड करण्यास सांगितले.

हा उतारा मूळ ग्रीक भाषेत वाचताना एक गोष्ट लक्षात येते, ती भाषांतरात सहज हरवते. पहिल्या वचनातील रोजच्या वाटणीसाठी लूकने ‘दियाकोनिया’ हा शब्द वापरला आहे. दुसऱ्या वचनातील पंक्तीला वाढणे ह्यासाठी त्याच शब्दाचे क्रियापद आहे. आणि चौथ्या वचनात प्रेषित स्वतःच्या वचनाच्या कामाविषयी बोलतात, तेव्हा तिथेही शब्द ‘दियाकोनिया’ हाच आहे. पंक्तीची सेवा आणि वचनाची सेवा! माणसे वेगळी नेमली, कामे वाटून घेतली, पण एकाला सेवा आणि दुसऱ्याला व्यवस्था असे म्हटले नाही.

आणखी दोन गोष्टी पाहा. पंक्तीत वाढण्यासाठी निवडलेली माणसे आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत अशी अट होती. धान्य मोजून देण्यालाही पवित्र आत्म्याची गरज आहे, हे प्रेषित जाणून होते. दुसरे असे की, ह्याच सातांपैकी स्तेफन पुढे सभेसमोर साक्ष देऊन रक्तसाक्षी झाला आणि फिलिप्प शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला. वाढणारे हात आणि बोलणारे मुख एकाच माणसाचे होते. सातव्या वचनात लूक सांगतो की, ह्यानंतर देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला. विधवांच्या ताटाचा प्रश्न सुटल्याने वचनाचे काम थांबले नाही, ते वाढले.

स्वतः प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री आपली ओळख ह्याच शब्दाने करून दिली. पंक्तीला बसलेला मोठा की वाढणारा मोठा, असे विचारून तो म्हणाला की, मी तुमच्यामध्ये वाढणाऱ्यासारखा आहे (लूक २२:२७).

२. “पुढे जा” म्हणणारा विश्वास

याकोबाच्या पत्राच्या मसुद्यावर काम करीत असताना आम्ही दुसरा अध्याय एका खेड्यातील श्रोत्यांना वाचून दाखवीत होतो. भाषांतर लोकांना कळते की नाही, हे तपासण्याची ती आमची रीत आहे. उघड्यावाघड्या, उपाशी बंधुभगिनीला कोणी शांतीने जाण्यास, ऊब घेण्यास व तृप्त होण्यास सांगतो, आणि देत मात्र काहीच नाही, हे वचन वाचल्यावर मी विचारले, “ह्यात काय सांगितले आहे?” एक वृद्ध बाई चटकन म्हणाल्या, “आपण दारावर आलेल्याला ‘पुढं जा बाबा’ म्हणतो ना, तसंच. ह्यानं फक्त गोड करून सांगितलं.”

मी वहीत ते टिपून घेतले. पण घरी परतताना आठवले की, त्याच आठवड्यात, ह्याच अध्यायावर काम चाललेले असताना, दाराशी आलेल्या एका बाईला मी “आत्ता कामात आहे, नंतर या” असे सांगून परत पाठवले होते. तिला काय हवे होते हेही मी विचारले नव्हते. ती पुन्हा आली नाही. याकोबाचे वचन मी मराठीत आणीत होतो, आणि त्याने वर्णिलेला मनुष्य मीच होतो.

ह्या वचनात याकोबाने तृप्त होण्यासाठी जे क्रियापद घेतले आहे, तेच शुभवर्तमानांत पाच हजारांना जेवू घातल्याच्या वृत्तान्तात आले आहे. ते सर्व जण जेवून तृप्त झाले, असे सुवार्तिक सांगतात. प्रभूने जे प्रत्यक्ष केले, ते हा मनुष्य फक्त तोंडाने बोलतो. शब्द तोच, पण हातात भाकर नाही. अशा विश्वासाला याकोब दुर्बळ म्हणत नाही, निर्जीव म्हणतो.

३. केडगावची साक्ष

वचन आणि भाकर ह्यांची फारकत न करणारे जीवन कसे असते, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते. त्यांचे नाव आपण आदराने घेतो, भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढले. परंतु त्यांच्या सेवेचा क्रम आपण नीट पाहत नाही.

१८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना भूक पुस्तकातून कळली नव्हती. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण हे सर्व दगावले. संस्कृत विद्येने संपन्न असलेले ते कुटुंब अन्नावाचून संपले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी भटकत राहिले. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. विवाह, कन्या मनोरमेचा जन्म, आणि १८८२ मध्ये वैधव्य, हे सारे थोड्याच वर्षांत घडले. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील मुलींच्या हालांची वार्ता ऐकताच त्यांना स्वतःचे दिवस आठवले, आणि त्या तिकडे गेल्या. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने इतक्या लोकांना शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना, म्हणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आधीच घेतलेल्या माळरानावर त्यांची सोय करावी लागली. तेच मुक्ती सदन होय.

नंतर १८९९-१९०० चा महादुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे राजस्थानात त्याला आजही ‘छप्पनिया’ म्हणतात. ह्या वेळी गुजरातमधून शेकडो मुली केडगावी आल्या आणि आश्रमातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विचार करा, दोन हजार माणसांचे रोजचे जेवण! विहिरी खोदणे, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, विणकाम, शिवणकाम, रुग्णसेवा, ही सारी कामे स्त्रियांनी शिकून घेतली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले. अंध स्त्रियांना ब्रेल लिपीने वाचायला शिकवण्यात आले.

आणि ह्याच आवारात छापखाना चालत होता. रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि पवित्र शास्त्राचे मूळ भाषांतून मराठीत भाषांतर करू लागल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील स्त्रीला समजत नाहीत, ही त्यांची तळमळ होती. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी करणे ही कामे आश्रमातील स्त्रियांनीच केली. दुष्काळातून अस्थिपंजर होऊन आलेल्या मुली ज्या आवारात पोटभर जेवल्या, त्याच आवारात देवाच्या वचनाची पाने छापली जात होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये निजल्या. भाषांतराचे काम त्यांनी तोपर्यंत पूर्णत्वास नेले होते, ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला ह्यातून एक गोष्ट शिकावी लागली. खेड्यातील स्त्रीची भाषा रमाबाईंना कोशात सापडलेली नव्हती. ती त्यांनी तिच्या आजारपणात, तिच्या भुकेत, तिच्याबरोबर राहून ऐकली होती.

४. मदत की आमिष?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती करणार नाही, असे रमाबाईंनी जाहीर केले होते. त्या स्वतः मात्र आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. ह्यावरून पुण्यात वादळ उठले, ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

टीकाकारांचे भय समजण्यासारखे होते. असहाय विधवेला आसरा देणाऱ्याचे तिच्यावर वजन असतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. रमाबाईंसमोर दोन सोपे मार्ग होते. दार लावून घेतले असते, तर सल्लागार टिकले असते. प्रार्थनेला येणे सक्तीचे केले असते, तर कदाचित संख्या दाखवता आली असती. त्यांनी दोन्ही केले नाही. दार उघडे राहिले, आणि न येणाऱ्या मुलीचे ताटही राहिले.

ह्याचा पुरावा गोदूबाई होत. शारदा सदनातील ह्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई किंवा बाया कर्वे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पतीच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याला त्यांनी आयुष्यभर हातभार लावला. ज्या सदनावर आमिषाचा आरोप झाला, त्याच सदनाने उभी केलेली ही स्त्री आपल्या मूळ समाजातच प्रकाश देत राहिली. मुक्ती मिशन पुढे उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच चालली, पण गोदूबाईंना दिलेले शिक्षण म्हणून वाया गेले, असे कोण म्हणेल?

लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले आणि एकच परतला. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभूने विचारले, त्याला दुःख झाले असेल. पण त्या नवांची त्वचा पुन्हा रोगी झाली नाही. आमिष आणि सेवा ह्यांतील भेद इथेच आहे. आमिष परत घेता येते, मासा लागला नाही तर गळ ओढून घेतात. कृपा परत घेतली जात नाही. आणि आपली श्रद्धा लपवणे हाही खरेपणा नव्हे. परत आलेल्या त्या शोमरोन्याशी प्रभू त्याच्या विश्वासाविषयी मोकळेपणाने बोललाच.

५. आपल्या मंडळीपुढे

केडगावाएवढी जमीन आपल्यापाशी नसेल, पण वस्ती प्रत्येक मंडळीच्या शेजारी आहे. वर छप्पनियाचा उल्लेख आला. त्या राजस्थानात आज नोकरीधंद्यानिमित्त मराठी ख्रिस्ती कुटुंबेही राहतात. जयपूरच्या जवाहर नगरात पक्क्या घरांच्या वसाहतीलगत डोंगराच्या कडेने कच्ची वस्ती पसरली आहे. मुंबई, नागपूर, इंदूर, सुरत कोठेही पाहा, चित्र हेच. तेथे रेशनकार्डाचा अर्ज भरून देणारा, मुलाचे नाव शाळेत घालणारा, रुग्णाबरोबर सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभा राहणारा माणूस हवा असतो. त्यासाठी पैशापेक्षा वेळ अधिक लागतो, आणि आपण वेळच राखून ठेवतो.

अनेक राज्यांत आमिष दाखवून धर्मांतर करण्याविरुद्ध कायदे आहेत. म्हणून काही मंडळ्यांनी भीतीने मदतीचा हातच आखडता घेतला आहे. बंधुभगिनींनो, हिशेब स्वच्छ ठेवा, मदतीला कोणतीही अट घालू नका, मदत घेणाऱ्यांची छायाचित्रे अहवालासाठी वापरू नका, ‘तुम्ही कोण’ असे कोणी विचारले तर सरळ उत्तर द्या. पण दारावर आलेल्याला “पुढे जा” म्हणू नका. ते म्हणण्याची परवानगी याकोबाने आपल्याला ठेवलेली नाही.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या ‘रोजच्या वाटणीत’ आज कोण डावलले जात आहे? त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत काय?

२. ज्यांना आपण मदत करतो ते कधीच उपासनेला आले नाहीत, तर आपण ती मदत चालू ठेवू काय?

३. गेल्या महिन्यात आपण कोणाला “नंतर या” असे सांगितले? त्या व्यक्तीकडे आपण स्वतः जाऊ शकतो काय?

प्रार्थना : हे प्रभू, तू आमच्यामध्ये वाढणारा म्हणून आलास. आमचे हात आणि आमचे मुख एकाच सेवेत ठेव. जो परत येतो त्याच्याविषयी आम्हांला आनंद दे, आणि जे परत येत नाहीत त्यांच्यावरील आमची प्रीती कमी होऊ देऊ नकोस. आमेन.