जुनी डिझेल गाडी घेताय? आधी ती बंद करून ऐका

जुनी गाडी बघायला गेलो की आपण किल्ली फिरवतो, इंजिन एका झटक्यात सुरू झालं की मान डोलावतो आणि थेट किमतीवर येतो. डिझेल गाडीची खरी परीक्षा मात्र इंजिन बंद करताना होते. बंद होता होता गाडीने अंग झटकलं आणि गिअरबॉक्सच्या बाजूने दोन-चार वेळा खडखड आली, तर विकत घेतल्यावर काही महिन्यांत पन्नास हजारांचं बिल तुमची वाट बघत असू शकतं. क्लच, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स तपासायला इंजिनाइतकाच वेळ द्या, एवढंच या लेखात कळकळीने सांगायचं आहे.

हे आत्ता सांगण्याला कारण आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या विकणं थांबवलं. त्यामुळे बाजारात दिसणाऱ्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्या त्याआधीच्या आहेत. मुळात डिझेल घेतो तोच ज्याचं फिरणं जास्त असतं. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्याही स्वस्तात इकडे येतात. मीटरवरचा आकडा कमी असला तरी भुलू नका. घोडबंदर रोडच्या कोंडीत रोज हाफ क्लचवर सरकलेली साठ हजार किलोमीटरची गाडी, पुणे-नाशिक हायवेवर धावलेल्या लाखभर किलोमीटरच्या गाडीपेक्षा जास्त झिजलेली असू शकते.

नेमकं बिघडतं काय?

डिझेल इंजिनाचा जोर कमी आरपीएमलाच मिळतो आणि तो धक्क्याधक्क्याने येतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन धक्के बसतात, म्हणजे ८०० आरपीएमवर उभ्या गाडीत सेकंदाला सुमारे २७. हे धक्के शोषून घेण्याचं काम फ्लायव्हील आणि क्लच प्लेटच्या स्प्रिंगा करतात.

साधं फ्लायव्हील म्हणजे एकसंध जड चकती. ती सहसा बिघडत नाही, घासली तर बऱ्याचदा लेथवर साफ करून घेता येते. ड्युअल मास फ्लायव्हीलमध्ये दोन चकत्या असतात आणि मध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या लांब वाकड्या स्प्रिंगा. एक्सयूव्ही ५००, क्रूझ, लॉरा यांच्या डिझेल आवृत्त्यांत हे असतं. त्यामुळे गाडी मऊ चालते आणि गिअरबॉक्सला धक्के कमी लागतात. मात्र सतत हाफ क्लच, कमी आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढणं आणि क्लचची उष्णता यांनी स्प्रिंगा ढिल्या पडतात, ग्रीस बाहेर येतं. मग चकत्या एकमेकींवर आदळतात.

तुम्ही बघताय त्या गाडीत कोणतं फ्लायव्हील आहे हे अंदाजाने ठरवू नका. चेसिस नंबर सांगून पार्ट्सच्या दुकानात विचारा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत फरक असू शकतो.

पंधरा मिनिटांची तपासणी

गाडी थंड असताना, शक्यतो सकाळी बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

१. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच दाबा आणि सोडा. दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. सोडल्यावर येणारा आवाज दाबताच थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर किंवा फ्लायव्हीलवर.

२. चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला पण वेग चढला नाही, तर क्लच घसरतोय. चढावर हे लवकर कळतं.

३. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये वर-खाली करा. क्लच नीट सुटत असूनही एखादा गिअर टाकताना कर्रर्र झालं, तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असू शकते. चालवताना गिअर आपोआप सुटला, तर ती गाडी सोडून द्या.

४. पहिल्या गिअरमध्ये हळूच निघा. गाडी थरथरत निघाली तर क्लच प्लेट, फ्लायव्हील किंवा इंजिन फाउंडेशन यांपैकी काहीतरी गेलेलं आहे. फाउंडेशन आधी बघा, ते सर्वांत स्वस्त आहे.

५. शेवटी इंजिन तीन-चार वेळा बंद-चालू करा, काच खाली आणि रेडिओ बंद ठेवून. बंद होताना सुरुवातीला सांगितलेली खडखड येते का ते ऐका.

खर्च किती येईल?

शहर, गॅरेज आणि गाडीप्रमाणे आकडे बदलतात. बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये साधारण असे धरून चला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला यापेक्षा जास्त.

– गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी: छोटी गाडी ३ ते ६ हजार, एसयूव्ही ६ ते १२ हजार.
– क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा संच: छोटी गाडी ५ ते ९ हजार, एसयूव्ही १० ते २० हजार.
– ड्युअल मास फ्लायव्हील: ३० ते ७० हजार, महागड्या गाड्यांत त्याहूनही वर.
– गिअरबॉक्स खोलून सिंक्रोनायझर आणि बेअरिंग बदलणं: १५ ते ४० हजार.

ऑटोमॅटिक असेल तर आधी प्रकार विचारा. एएमटीमध्ये आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, वर फक्त ॲक्च्युएटरचा खर्च वाढतो. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये क्लचचा जोड किंवा मेकाट्रॉनिक युनिट बदलायची वेळ आली तर बिल लाखापुढे जाऊ शकतं. अशी गाडी स्कॅनर न लावता घेऊ नका.

गिअरबॉक्स एकदाच उतरवा

उतरवण्याची मजुरी प्रत्येक वेळी नव्याने लागते, कारण क्लच किंवा फ्लायव्हील बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. तो उतरला की क्लचचा पूर्ण संच बदला. क्रँकचं मागचं ऑइल सील बघा, ओलं असेल तर तेही त्याच वेळी. काही शे रुपयांच्या सीलमुळे नवी क्लच प्लेट तेलात भिजते आणि सगळी मजुरी पुन्हा भरावी लागते. रिलीज बेअरिंग हायड्रॉलिक सिलिंडरला जोडलेलं असेल तर दोन्ही एकत्रच बदला. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच हवेत.

ड्युअल मास फ्लायव्हील लेथवर देऊ नका. त्याची ढिलाई कंपनीच्या मापाप्रमाणे मोजायला सांगा, आणि मोजताना समोर उभे राहा. माप मर्यादेत असेल तर ते बदलायची गरज नाही. मर्यादेबाहेर असेल तर ‘अजून चालेल’ ऐकू नका. त्याऐवजी साधं फ्लायव्हील बसवण्याचा स्वस्त पर्याय सुचवला जातो. त्यात पैसे वाचतात, पण केबिनमध्ये थरथर वाढते आणि धक्के गिअरबॉक्सकडे जातात. गाडी दोन-तीन वर्षांत विकायची नसेल तर मी तो पर्याय निवडणार नाही.

सौदा आणि कागद

तपासणीत क्लच आणि फ्लायव्हील दोन्ही संशयास्पद वाटले तर लेखी अंदाजपत्रक घ्या आणि तोच आकडा मालकासमोर ठेवा. ४ लाखांच्या गाडीला ७० हजारांचं काम असेल तर ती गाडी तुमच्यासाठी ४ लाख ७० हजारांची आहे. किंमत कमी होत नसेल तर उठून या, गाड्या पुष्कळ आहेत.

काम झाल्यावर भागांचे नंबर लिहिलेलं जीएसटी बिल, वॉरंटीची मुदत आणि काढलेले जुने भाग मागून घ्या. गॅरेजने किंवा डीलरने फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. एखाद्या व्यक्तीकडून थेट गाडी घेतली असेल तर तुमच्या हातात फक्त लेखी करार असतो, म्हणून माहीत असलेले दोष त्यात लिहून घ्या.

आणि गाडी घरी आली की डाव्या पायाला एक सवय लावा. गिअर बदलून झाला की पाय क्लचवरून बाजूला. घाटात थांबलेली गाडी धरून ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढा. या सवयीला एक पैसा लागत नाही, आणि वर लिहिलेली बरीच बिलं तीच पुढे ढकलते.