पिक्चर टॉकीजला की रूमवर?

नवा पिक्चर लागला की होस्टेलवर एकच वाद: टॉकीजला जायचं की थांबून रूमवर बघायचा? आपण इंजिनिअर, तेव्हा आधी आकडे पाहू.

टॉकीजच्या डिजिटल कॉपीत सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत डेटा असतो. फुल एचडी स्ट्रीमिंगला साधारण 5 पुरतात. फरक पन्नासपट! पण चित्र पन्नासपट चांगलं दिसतं असं नव्हे. टॉकीजच्या कॉपीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवतात. स्ट्रीमिंगमध्ये बहुतेक फ्रेमचा फक्त बदललेला भाग येतो. त्यामुळे अंधारातले सीन रूमवर चौकटी-चौकटीचे दिसतात.

आता खिसा. नांदेड असो की लातूर, मेसचं बिल भरल्यावर उरतं किती? चौघांत एक लॅपटॉप स्वस्तच पडतो. शिवाय नाईट शोला रेक्टर सर सोडत नाहीत!

पण एक विसरू नका. लातूरच्या रितेश देशमुखचा ‘वेड’ 30 डिसेंबर 2022 ला टॉकीजला लागला, ओटीटीवर आला 2023 मध्ये. तिकिटांची कमाई होते ती या मधल्या काळातच. पहिल्याच आठवड्यात खुर्च्या रिकाम्या राहिल्या, की मराठी पिक्चरचे शो कमी होतात. मग आपण ‘चांगले मराठी पिक्चर इकडे लागतच नाहीत’ म्हणायला मोकळे!

आणि चोरटी कॉपी? 2023 च्या कायदा-दुरुस्तीनुसार टॉकीजमध्ये चोरून शूटिंग केल्यास किमान तीन महिने कैद आणि 3 लाख रुपये दंड.

तात्पर्य: आवडीचा मराठी पिक्चर पहिल्या आठवड्यात टॉकीजला, बाकीचे रूमवर. सबमिशन तोंडावर असेल तर दोन्ही नको!