खोकड

नाकतोडे, वाळवी व उंदीर हे पिकांचे वैरी वरवट बकालच्या शेतकऱ्यास पुरते ठाऊक आहेत. या तिघांवरही ताव मारणारा एक छोटा प्राणी महाराष्ट्राच्या माळरानांवर राहतो. तो म्हणजे खोकड. पुष्कळ लोक त्यास कोल्हाच समजतात. परंतु खोकड कोल्ह्याहून कितीतरी लहान, वजनाने अवघे 2 ते 3 किलो. त्याची झुपकेदार शेपटी टोकाशी काळी असते. दिवस मावळला, की ते कान टवकारीत बिळाबाहेर पडते. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी वारुळातून उडू लागली, म्हणजे तर त्याची मेजवानीच! बोरेही त्यास आवडतात. दाट अरण्य मात्र त्यास मानवत नाही. मोकळे गायरानच हवे. 1972 च्या कायद्याखाली त्यास आता संरक्षण आहे. परंतु गायरानावर नांगर फिरला, की बिळे बुजतात आणि खोकड तेथून नाहीसे होते.