जॅझची सुरुवात कुठून?

प्रश्न : आमच्या श्रवणमंडळात मी कोल्ट्रेनचा ‘असेन्शन’ ऐकवला, निम्मे जण उठून गेले. जॅझ कळायला आधी शिकावं लागतं का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नाही. निवड जड झाली, इतकंच. १९६५ मध्ये अकरा वादकांनी केलेलं ते मुक्त वादन मुरलेल्या कानांचाही कस पाहतं.

मंडळींना माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) ऐकवा. कोल्ट्रेन त्यातही आहेच. ‘सो व्हॉट’मध्ये डबल बास जणू विचारतो आणि पियानो दोनच कॉर्ड्समध्ये उत्तर देतो. त्यातले स्वर आपल्या काफी थाटाचे, त्यामुळे रागसंगीत ऐकणाऱ्यांना ते परके वाटत नाहीत. त्याच वर्षीच्या ब्रुबेकच्या ‘टाइम आउट’मधलं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं. तेही लगेच भावतं.

एका बैठकीत एकच रचना पुरे. मात्र फाइल्सच्या प्रती वाटू नका, त्यानं प्रताधिकाराचा भंग होतो. अल्बमचं नाव सांगा. आवडलं तर मंडळी विकत घेतील.