घरचा कचरा, गावचा नियम

आमच्या गावात ग्रामसभा भरली होती. विषय होता घंटागाडीचा. गाडी आठवड्यातून दोनदा दारी येणार. प्रत्येक घराने कचरा गाडीतच टाकायचा. त्यासाठी प्रत्येक घराने वर्षाला कर भरायचा.

शेजारच्या काकी उठल्या. म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या परड्यात उकिरडा आहे. शेण, राख, पालापाचोळा त्यातच जातो. त्याचं खत शेतात पडतं. मग मी गाडीचे पैसे का भरू?"

प्रश्न रास्त होता. मी विचारले, "काकी, दुधाची रिकामी पिशवी कुठे टाकता? फुटकी काच? गोळ्यांचे पाकीट?"

काकी म्हणाल्या, "ओढ्याच्या कडेला. सगळेच टाकतात की!"

मंडळी, खरी अडचण इथेच आहे. कचरा दोन तऱ्हेचा असतो. एक कुजतो, दुसरा कुजत नाही. कुजणाऱ्याचे खत होते. तो गाडीत देऊ नका, घरच्या खड्ड्यात टाका. वर मातीचा थर द्या, म्हणजे माश्या होत नाहीत. न कुजणारा कचरा मात्र गाडीतच द्या.

तो ओढ्यात टाकला, तर पहिल्या पावसात खालच्या वाडीला जातो. जाळला, तर विषारी धूर होतो. पिशवी गाईने खाल्ली, तर ती पोटात अडकते. गाय दगावते. करवंटीत, जुन्या टायरात पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. हा डास घर विचारून चावत नाही. कर भरणाऱ्यालाही चावतो, न भरणाऱ्यालाही चावतो. म्हणून नियम सर्व घरांना सारखा हवा.

पण नियम पंचायतीलाही आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने तिला कचरा उचलण्यासाठी कर बसवता येतो. कर घेतला, की काम केले पाहिजे. गाडी आली नाही, तर ग्रामसभेत विचारा. गाडी कचरा कुठे ओतते, तेही विचारा. ती ओढ्याच्या काठीच ओतत असेल, तर आपण पैसे देऊन काय मिळवले?

गाडीवरच्या माणसाचाही विचार करा. काच, पाते, सुई कागदात नीट गुंडाळून वेगळी द्या. त्याचा हातही आपल्यासारखाच आहे. कापला, तर रक्त येते.

गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावात शिरत. आधी गाव झाडत, मग रात्री कीर्तन करत. १९५६ साली बाबा गेले. २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. बाबांनी गाव झाडले, ते लोकांनी शिकावे म्हणून. आपण नुसते पाहत बसावे म्हणून नव्हे.

सभा संपताना काकी म्हणाल्या, "गुरुजी, शेण माझ्या उकिरड्याला, पिशव्या गाडीला. कर भरीन. पण पावती घेईन. रक्कम किती, तारीख कोणती, कर कशाचा, सगळं बघीन. आता मला वाचता येतं!"

प्रश्न
१. तुमच्या घरी आज कोणता कचरा निघाला? त्यातला कुजणारा कोणता?
२. घरच्या कराची पावती आणा. तिच्यावरील रक्कम व तारीख मोठ्याने वाचा.
३. पुढच्या ग्रामसभेत कचऱ्याबद्दल काय विचाराल? एक वाक्य लिहा.