कीटकनाशक आणि चेतापेशीतील सोडियम वाहिनी

विश्रांत अवस्थेत चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. बाहेर सोडियमचे आयन अधिक, आत पोटॅशियमचे अधिक. हा फरक पेशी ऊर्जा खर्च करून टिकविते. पेशीपटलात बसलेल्या प्रथिनांच्या आयनवाहिन्या ही या दोन साठ्यांमधील दारे होत. उद्दीपन होताच सोडियम वाहिन्या उघडतात, सोडियम आत शिरतो आणि आतली बाजू क्षणभर धन होते. साधारणतः मिलिसेकंदभरात त्या आपोआप मिटतात. किंचित उशिरा उघडलेल्या वाहिन्यांतून पोटॅशियम बाहेर पडतो व पूर्वस्थिती येते. हॉजकिन आणि हक्सली यांनी माकूल या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर मोजमापे घेऊन 1952 मध्ये हा क्रम गणिती रूपात मांडला.

सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन यांसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइडे नेमकी हे मिटणे अडवितात. दार उघडेच राहिल्याने एका संदेशाच्या जागी संदेशांची माळ सुटते. कीटक थरथरतो, लुळा पडतो व मरतो. डीडीटीही याच वाहिनीवर असाच परिणाम करते. त्यामुळेच घरमाशीत वाहिनीच्या एका ठिकाणचे अमिनो आम्ल बदलले (ल्युसीनच्या जागी फेनिलअ‍ॅलनीन आले), तेव्हा दोन्ही विषे एकदमच निष्प्रभ झाली.

कपाशीवरील अमेरिकन बोंडअळीने हाच धडा शेतकऱ्यांना महागात शिकविला. 1987-88 च्या हंगामात आंध्र प्रदेशाच्या किनारी पट्ट्यात वारंवार फवारण्या करूनही ती आवरली नाही. या अळीत वाहिनीची असंवेदनशीलता हे एकमेव कारण नाही. विषाचे विघटन करणारी विकरेही तितकीच, बहुधा अधिकच, जबाबदार असतात. तरीही शेतावरचा परिणाम एकच. सायपरमेथ्रीन चालेनासे झाल्यावर डेल्टामेथ्रीन आणणे म्हणजे बाटली बदलणे. घाव त्याच दारावर पडतो. व्यापारी नावे पाहून केलेली फेरपालट बहुतेकदा अशीच फसवी असते.

इंडोक्साकार्बचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्याचेही लक्ष्य सोडियम वाहिनीच, परंतु ते दार उघडे ठेवीत नाही, बंद करते; संदेशच थांबतो आणि अळी खाणे सोडते. म्हणून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पायरेथ्रॉइडे 3अ गटात, तर इंडोक्साकार्ब 22अ गटात आहे. फवारणीची फेरपालट ठरविताना पाहावयाचा तो हा गटक्रमांक.